मेडिकल दुकानातली चोरी आणि लूट : शटर, गल्ला, डीव्हीआर आणि नंतरची कटकट

कंपाउंडर
सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. या पावसाळ्यात आमच्या भागात मेडिकल दुकानं फोडायची साथच आली आहे. पद्धत सगळीकडे तीच. पहाटे दोन-चारच्या सुमारास गाडी येते, दोघंतिघं उतरतात, शटर मधोमध उचकटतात, गल्ला साफ करतात, जाताना डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी, काढून नेतात. पाच-सात मिनिटांत खेळ खल्लास. शेजारचं सोनाराचं दुकान मात्र शाबूत! दुसऱ्या दिवशी पेपरात ‘अज्ञात चोरट्यांनी रोकड लंपास केली’ अशी चार ओळींची बातमी येते, की विषय मिटला.

मेडिकलच का, हे उघड आहे. दुकान उशिरा बंद होतं, तेव्हा बँक नसते, दिवसभराचा गल्ला तिथेच राहतो. सोनार माल तिजोरीत टाकतो, रात्री माणूस झोपवतो. आपण दहा बाय बाराच्या गाळ्याला दोन कुलपं लावून घरी जातो. माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडचा चोर औषधासाठी येत नाही, रोख पैशासाठी येतो. तेव्हा पहिला इलाज कुलपाचा नाही, गल्ल्याचा. रात्री दुकानात रोकड ठेवायचीच नाही. गल्ल्याचा ड्रॉवर उघडा आणि रिकामा ठेवून जायचं, बाहेरून टॉर्च मारली तरी दिसेल असा. मी तेच करतो.

पण एवढ्याने भागत नाही. रात्रपाळीत एकटा मुलगा असेल तर काय? चोरी झाल्यावर पोलीस, विमा, औषध प्रशासन, जीएसटी या चौघांना तोंड कसं द्यायचं? केमिस्ट मंडळींनी आणि इतर जाणकारांनी लिहावं. ‘सीसीटीव्ही लावा’ एवढंच लिहिणार असाल तर चहा घ्या आणि पुढे चला.

---

लोखंडी_सावंत
मंगळवार, सकाळी ७:१५

माझा शटर-ग्रिल फॅब्रिकेशनचा धंदा आहे, त्यामुळे फुटलेली शटरं दुरुस्तीला माझ्याकडेच येतात. चोर कुलपाला हातही लावत नाही. दोन्ही बाजूंची कुलपं जिथल्या तिथे असतात आणि शटर मधून कमानीसारखं वर गेलेलं असतं. कारण सोपं आहे. आठ-दहा फूट रुंद शटर, पकड फक्त दोन टोकांना, मधला पत्रा मोकळा. खालच्या पट्टीखाली पहार किंवा टॉमी घातली, दोघांनी जोर लावला की पट्ट्या बाजूच्या चॅनेलमधून निसटतात. माणूस सरपटत आत जाईल एवढी फट पुरते.

म्हणून सेंटर लॉक हवंच. ते जमिनीत नीट काँक्रीट करून बसवलेल्या गजात अडकलं पाहिजे. बरेच जण वरवर फरशीला खिळा ठोकतात, तो फरशीसकट उपटून येतो. दुसरं, बाजूचं चॅनेल खोल घ्या. उथळ चॅनेल स्वस्त पडतं आणि पट्टी लगेच सुटते. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं म्हणजे शटरच्या आत सरकती जाळी. शटर उचकटायला दोन मिनिटं लागतात. आत जाळी दिसली की पुन्हा पाच-दहा मिनिटं आवाज करावा लागतो, आणि ते त्यांना परवडत नाही.

जाळीचा दुसरा उपयोग रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या दुकानांना. जाळी ओढून घ्यायची आणि खिडकीतून औषध द्यायचं. मोठ्या हॉस्पिटलांच्या बाहेरची जुनी दुकानं हेच करतात.

---

चिंचोके
मंगळवार, सकाळी ९:०२

+१ जाळीला.

पण रिकाम्या गल्ल्याबद्दल शंका आहे. काही मिळालं नाही म्हणून चिडून फ्रीज फोडला तर? आमच्याकडे एका दुकानात गल्ल्यात फक्त चिल्लर निघाली, तर मंडळींनी कॉम्प्युटरचा मॉनिटर आपटून ठेवला आणि प्रोटीन पावडरचे डबे, बेबी फूड, परफ्यूम गोणीत भरून नेले. मी तरी पाचशे-हजार रुपये ठेवून देतो. देवाला नारळ तसा.

---

कंपाउंडर
मंगळवार, सकाळी ९:३०

चिंचोके, नारळ ठेवलात की देव दरवर्षी येतो ना!

---

रात्रपाळी
मंगळवार, दुपारी ३:२०

मी फार्मासिस्ट आहे, मालक नाही. पुण्यात एका साखळी दुकानात काम करते, बरेचदा रात्रीची पाळी असते. धागा वाचताना जाणवलं की सगळे शटर बंद असतानाचं बोलताय. माझी भीती शटर उघडं असतानाची आहे.

रात्री साडेअकराला दोन मुलं येतात. एक मोबाईलवर चिठ्ठीचा फोटो दाखवतो, दुसरा दारात उभा राहून रस्त्याकडे बघतो. फोटोतल्या चिठ्ठीवर तारीख खोडलेली असते, किंवा डॉक्टर डोळ्यांचे आणि गोळी झोपेची. ‘ओरिजिनल चिठ्ठी आणा’ म्हटलं की आवाज चढतो. पुण्यात कोयते घेऊन दुकानदारांना धमकावण्याचे प्रकार गेली काही वर्षं सगळ्यांनी वाचलेत, त्यामुळे हात काउंटरखाली गेला तरी काळजात धस्स होतं.

मालक लोकांना एकच सांगणं आहे. ‘हत्यार दाखवलं तर गल्ला देऊन टाक, गोळ्या मागितल्या तर गोळ्याही दे, हिशोब मी बघतो’, हे वाक्य तुमच्या माणसाला आधी, स्वतःच्या तोंडाने सांगा. सगळे गृहीत धरतात की त्याला कळत असेलच. पगारातून कापतील या भीतीने आमच्यातलीच पोरं चोराशी झटापट करतात. गल्ल्यात कमी पडलेले पन्नास रुपये ज्या दुकानात पगारातून वळते होतात, तिथल्या मुलाने लुटीच्या वेळी शांत राहावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

आम्ही आमच्यापुरते नियम ठरवलेत. दहानंतर जाळी. ठरावीक रकमेच्या वर नोटा जमल्या की मागच्या खोलीतल्या भिंतीला बोल्ट केलेल्या पेटीत फटीतून टाकायच्या, तिची किल्ली दुकानात नसतेच. आणि कोणी धमकावलं तर डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, अचानक हालचाल करायची नाही, काय करतोय ते बोलून करायचं: ‘ड्रॉवर उघडते, हे घ्या’. ते गेले की आधी आतून जाळी लावायची, मग ११२. मागे धावायचं नाही, गाडीचा नंबर टिपायला रस्त्यावरही जायचं नाही. नंबर कॅमेरा टिपेल नाहीतर राहू दे.

---

ब्रॅम्प्टनकर
मंगळवार, रात्री ९:५५

रात्रपाळी ताई, अगदी पटलं. मी कॅनडात, ओंटारियोमध्ये फार्मसीत आहे. इथे चित्र उलटं आहे. चोर नोटांना विचारत नाही, त्याला नशेसाठी ऑक्सिकोडोन, हायड्रोमॉर्फोन, फेंटानिलचे पॅच अशी कडक वेदनाशामकं हवी असतात. म्हणून इथला इलाज म्हणजे वेळ-विलंबाची तिजोरी. कोड दाबला तरी लगेच उघडत नाही, काही मिनिटं थांबावं लागतं. मालकाने दाबला तरी तेच. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१५ मध्ये ही तिजोरी सक्तीची केली, पुढे अल्बर्टा आणि ओंटारियोही त्या वाटेने गेले. अमेरिकेत सीव्हीएस या औषध दुकानांच्या साखळी कंपनीने २०१५ मध्ये इंडियानापोलिस भागातल्या दुकानांत ती बसवली आणि तिथल्या लुटी ७० टक्क्यांनी घटल्याचं सांगितलं. आकडा कंपनीचा आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

तिजोरीइतकंच महत्त्व दारावरच्या पाटीला आहे. ‘येथील औषधे वेळ-विलंब तिजोरीत आहेत, कर्मचारी ती उघडू शकत नाहीत’ असं बाहेरून दिसलं पाहिजे. आत आल्यावर, हातात पिस्तूल असताना कळून उपयोग नाही. २०११ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या मेडफर्डमध्ये वेदनाशामक गोळ्यांसाठी एकाने फार्मसीत चार जणांना गोळ्या घालून मारलं. त्यात गिऱ्हाइकंही होती. त्यामुळे इथे प्रशिक्षणात पहिलं वाक्य तेच असतं जे तुम्ही लिहिलंत: देऊन टाका.

---

चिंचोके
मंगळवार, रात्री १०:२०

म्हणजे आम्ही ‘येथे रात्री रोकड ठेवली जात नाही’ अशी पाटी लावायची? आमचा चोर वाचणारा निघाला तर ठीक. :)

---

कंपाउंडर
मंगळवार, रात्री १०:३५

लावायला हरकत काय? पण ब्रॅम्प्टनकर, औषधाची तिजोरी आपल्याकडे बहुतेकांना गैरलागू. शेड्यूल एक्सची, म्हणजे सरकारच्या सर्वात कडक यादीतली औषधं (केटामाइन, मिथाइलफेनिडेट वगैरे) ठेवायला वेगळा परवाना लागतो आणि ती कुलूपबंद, फक्त त्यांच्यासाठीच राखलेल्या कपाटात ठेवावी लागतात. गावाकडची बहुतेक दुकानं त्या भानगडीत पडत नाहीत.

---

गिरणाकाठ
बुधवार, सकाळी ८:१०

कंपाउंडर, ‘आपल्याकडचा चोर औषधासाठी येत नाही’ हे तुमच्या तालुक्यात खरं असेल, मालेगाव-धुळे पट्ट्यात ते सरसकट म्हणू नका. अल्प्राझोलम या झोपेच्या-चिंतेच्या गोळीला आमच्याकडे ‘कुत्ता गोळी’ म्हणतात आणि तिचा बाजार वेगळाच आहे. संभाजीनगरकडे झोपेच्या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात. स्ट्रिपचा छापील भाव काहीच नाही, रस्त्यावर एकेक गोळी विकली जाते. कोडीनचं कफ सिरप आणि जिमवाल्या पोरांना हवं असलेलं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन, हेही त्याच यादीत.

अल्प्राझोलम, डायझेपाम, ट्रॅमाडोल, कोडीन ही शेड्यूल एच-१ ची औषधं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या आणि वेगळी नोंद लागणाऱ्या यादीतली. २०१४ पासून त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टर, रुग्ण, औषध, संख्या सगळं लिहून, आणि ते तीन वर्षं जपायचं. आता समजा चोरांनी त्यातल्या पाकिटांवर हात मारला. रजिस्टरप्रमाणे शिल्लक शंभर स्ट्रिपा, कपाटात साठ. पोलिसात तुम्ही फक्त ‘रोख रक्कम चोरीस गेली’ लिहून दिलंत. तीन महिन्यांनी औषध निरीक्षक तपासणीला आले तर कमी भरलेल्या चाळीस स्ट्रिपा तुम्ही चोरून विकल्या, असाच अर्थ निघणार. म्हणून एच-१ ची मोजणी त्याच दिवशी. बॅच नंबरसकट यादी फिर्यादीला जोडा, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला पत्र देऊन पोच घ्या. माल पुढे कुठे सापडला तर बॅच नंबरावरूनच तुमचा म्हणून ओळखू येईल.

आणि हा माल काउंटरवर, गिऱ्हाइकाच्या नजरेच्या टप्प्यात ठेवू नका. मागच्या कपाटात, कुलपात, थोडाच ठेवा.

अवांतर : तोतया औषध निरीक्षकांकडूनही जपा. ‘दंड भरा नाहीतर परवाना जाईल’ म्हणून रोख मागतात. खरा निरीक्षक ओळखपत्र दाखवतो, फॉर्म ३५ च्या तपासणी वहीत लिहितो, नमुना नेला तर फॉर्म १७ देतो, माल जप्त केला तर फॉर्म १६. रोख दंड गल्ल्यातून कोणी नेत नाही.

---

जुना_ठाणेदार
बुधवार, दुपारी १२:४५

पोलीस खात्यातून निवृत्त आहे. घटनास्थळी काय बघितलं ते सांगतो, म्हणजे पुढची ओरड कमी होईल.

सकाळी दूधवाला फोन करतो. मालक धावत येतो, शटर पूर्ण वर करतो, विखुरलेल्या स्ट्रिपा गोळा करतो, काउंटर पुसतो, झाडू मारतो. तोवर बीपीच्या गोळीसाठी दोन गिऱ्हाइकं उभी असतात, त्यांना औषधही देतो. मग आम्ही ठसेतज्ज्ञ बोलावतो, काचेवर पावडर मारतो आणि मिळतात मालकाचेच ठसे. शटर आहे तिथे राहू द्या. आत जाऊ नका, फटीतून मोबाईलने फोटो घ्या, ११२ ला फोन करा, गिऱ्हाइकाला त्या दिवशी शेजारच्या मेडिकलला पाठवा. पंचनामा झाल्याशिवाय एक खोकंही हलवू नका.

घरफोडी रात्रीची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३३१(४) आणि ३०५ लागतं. धमकावून किंवा मारून नेलं तर ३०९, म्हणजे जबरी चोरी. पाच किंवा जास्त जण असतील तर ३१०, दरोडा. फिर्यादीत हत्याराचा, धमकीचा उल्लेख राहून गेला तर गुन्हा साधी चोरी म्हणून नोंदला जातो, म्हणून सही करण्याआधी वाचून घ्या. प्रत मोफत मिळते, तो तुमचा हक्क आहे. हद्दीवरून टोलवलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात नोंद घ्यावी लागते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

आता कॅमेरा. बहुतेक दुकानांत तो छताच्या कोपऱ्यात असतो. आम्हाला त्यात दिसते ती टोपी आणि खांदे. एक तरी कॅमेरा दाराच्या आत, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीला, आत येणाऱ्याकडे तोंड करून हवा. डीव्हीआर काउंटरखाली ठेवू नका, चोर पहिल्यांदा तिथेच बघतो. पोटमाळ्यावर किंवा कुलूपबंद कपाटात ठेवा, एका कॅमेऱ्याचं चित्रण मोबाईलवर किंवा क्लाउडवर जाऊ द्या. इन्व्हर्टरवर जोडलेला असावा, कारण काही टोळ्या आधी मीटरचा खटका पाडतात.

आणि डीव्हीआरचं घड्याळ! निम्म्या दुकानांत ते वीस मिनिटं पुढेमागे असतं, कधी तारीखही चुकलेली. कोर्टात बचाव पक्षाचा वकील तेवढ्यावर अर्धा तास खातो. आज घरी जाताना मोबाईलशी जुळवून बघा.

---

ताळेबंद
बुधवार, संध्याकाळी ६:३०

मी विम्याच्या दाव्यांची आणि कराची कामं करतो. कोरडं लिहितो, पण पैसा इथेच अडकतो.

पहिलं, आगीची पॉलिसी म्हणजे चोरीची पॉलिसी नव्हे. बँकेने कर्जासाठी उतरवलेला विमा बरेचदा फक्त आग-पुराचा असतो. घरफोडीचं कलम वेगळं घ्यावं लागतं, दुकानदारांच्या पॅकेज पॉलिसीत ते येतं. दुसरं, बहुतेक घरफोडी पॉलिसींना बळजबरीने शिरल्याच्या खुणा लागतात. बनावट किल्लीने उघडलं, किंवा कामावरच्या माणसाने नेलं, तर ते त्यात बसत नाही. नोकराच्या अपहाराचं कलम वेगळं. तिसरं, रोख रक्कम. रात्री काउंटरच्या ड्रॉवरमधली रोकड अनेक पॉलिसींत वगळलेली असते, तिजोरीतलीच धरतात. चिंचोकेंचा नारळ विम्यात नाही.

कंपनी नुकसान तपासायला सर्व्हेअर पाठवते. तो विचारतो तो शेवटचा स्टॉक. रोज रात्री बिलिंग सॉफ्टवेअरचा बॅकअप दुकानाबाहेर जात असेल तर तुम्ही वाचलात. एका ओळखीच्या दुकानात चोरांनी कॉम्प्युटरच नेला, बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर! मग घाऊक विक्रेत्यांकडून खरेदीची बिलं गोळा करत बसावं लागलं.

चोर सापडला नाही तर पोलीस ‘अ समरी’ पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. विमा कंपन्या दावा निकाली काढण्याआधी तो कागद मागतात, आणि तो यायला महिने लागतात. फिर्याद दिली की विसरू नका, ठाण्यात आणि कोर्टात विचारत राहा.

जीएसटी : चोरीला गेलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच) तसं स्पष्ट म्हणतं. माल गेला तो गेला, वर कर भरा, हे अन्यायकारक वाटतं, मलाही वाटतं, पण आज कायदा तोच आहे. विम्याचा दावा करताना हा उलटवलेला कर नुकसानीत दाखवता येतो का, ते पॉलिसीच्या शब्दांवर अवलंबून, म्हणून सर्व्हेअरला आधीच विचारा.

---

रात्रपाळी
बुधवार, रात्री ८:०५

एक सुटलं. खटका पाडला असेल किंवा फ्रीजचं दार उघडं राहिलं असेल तर इन्सुलिन, लसी, काही डोळ्यांचे थेंब दोन ते आठ अंशांबाहेर किती वेळ होते हे कोणालाच माहीत नसतं. हात लावून थंड लागतंय म्हणून विकू नका. वेगळं काढून ‘विक्रीसाठी नाही’ लिहून ठेवा आणि नुकसानीच्या यादीत घाला.

---

कंपाउंडर
गुरुवार, सकाळी १०:१५

सगळ्यांचे आभार. गिरणाकाठ, तुमचा मुद्दा मान्य. आमच्या तालुक्यापुरतं रोकडच, पण एच-१ ची मोजणी आजपासून रोजच्या कामात धरली. मूळ म्हणणं मात्र सोडत नाही. दुकानात रात्री नेण्यासारखं जितकं कमी, तितकं बरं. सेंटर लॉक आणि जाळीचं काम लोखंडी_सावंतांसारख्या जाणत्या माणसाकडून करून घेणार.

रात्रपाळी ताईंचं वाक्य काल रात्री दुकानात सगळ्यांसमोर म्हटलं. आमचा सर्वांत जुना कामगार म्हणाला, ‘शेठ, हे लिहून भिंतीवर लावा, उद्या तुम्ही विसराल.’ लावलं, काउंटरच्या आतल्या बाजूला.

तालुका असोसिएशनची बैठक आहे. बाजारपेठेत सामायिक रखवालदार ठेवायचा, खर्च दुकानागणिक वाटायचा, असा विषय मांडतोय. किराणावाले आणि मोबाईलवाले येतील तरच परवडेल.

ठाणेदार साहेब, एक राहिलं. चित्रण पेन ड्राइव्हवर दिलं तर पोलीस कसलं तरी प्रमाणपत्र मागतात. ते वकिलाकडून करून घ्यायचं का?

---

जुना_ठाणेदार
गुरुवार, दुपारी १:००

वकिलाची गरज नाही. ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. पूर्वी ६५-ब म्हणायचे. नमुना अधिनियमाच्या शेवटी परिशिष्टातच छापलेला आहे, दोन भागांत. भाग अ तुम्ही भरायचा, म्हणजे यंत्र कोणाच्या ताब्यात होतं, कोणतं मॉडेल, हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा अंक-अक्षरांचा संकेत) काय. भाग ब तज्ज्ञाने. तपास अधिकारी डीव्हीआरच जप्त करणार असेल तर पंचनाम्यात त्याचा सिरीयल नंबर आणि मी लिहिलेला घड्याळाचा फरक दोन्ही लिहून घ्या. आणि जप्तीच्या आधी दुसरा डीव्हीआर मागवून ठेवा. तुमचा परत मिळायला कोर्टात अर्ज करावा लागतो, तोवर दुकान कॅमेऱ्याविना राहतं.